बुडालेल्या कंपनीची पेटंटे आणि रांगेत शेवटी उभा असलेला भागधारक



घरात पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा लग्नाचा अल्बम असेल तर तो एकदा फळीवरून खाली काढा आणि एखादा सुटा फोटो उलटा करून पाहा. पुष्कळ फोटोंच्या पाठीवर फिकट राखी अक्षरांत 'कोडॅक' असे छापलेले दिसेल. तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओच्या दारावर जी पिवळी-तांबडी पाटी असे, ती याच कंपनीची. आम्हा कृषी खात्यातल्या माणसांना पीक प्रात्यक्षिकांचे फोटो काढण्यासाठी छत्तीस फोटोंचा एक रोल महिनाभर पुरवावा लागे. शेवटचे दोन फोटो शेतदिनासाठी राखून ठेवायचे आणि नेमके त्याच दिवशी आभाळ भरून यायचे!

या अमेरिकन कंपनीने १९ जानेवारी २०१२ रोजी न्यूयॉर्कच्या न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज दिला. त्याच्या आधी आणि नंतरही तिच्या शेअरवर लोकांनी पैसा लावला. त्यांचा हिशेब असा, की कंपनी बुडाली तरी तिची पेटंटे तिच्या शेअरच्या एकूण किमतीपेक्षा कितीतरी पट मोलाची आहेत. पुढे पेटंटे विकली गेली, पैसाही आला. भागधारकांच्या हाती मात्र छदामही पडला नाही. असे का झाले ते आज जरा सविस्तर पाहू. कारण हाच हिशेब आता आपल्या गावांतली तरुण मंडळी मोबाईलवर बोट फिरवीत करू लागली आहेत, आणि लावलेला पैसा असतो तो सोयाबीनच्या पट्टीचा किंवा उसाच्या पहिल्या हप्त्याचा.

मोहरी खाणाऱ्या गाई आणि फोटोचा रोल

ही कंपनी जॉर्ज ईस्टमन नावाच्या माणसाने अमेरिकेतील रॉचेस्टर या शहरात काढली. १८८८ साली त्याने 'कोडॅक' नावाचा साधा कॅमेरा बाजारात आणला. कळ दाबायचे काम तुमचे, बाकीचे सगळे आमचे, असा त्याचा विकण्याचा मंत्र होता. १९०० साली त्याने एका डॉलरचा 'ब्राउनी' कॅमेरा काढला आणि फोटो ही श्रीमंतांचीच चैन राहिली नाही.

या धंद्याचा शेतीशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध चांगलाच आहे. जुन्या फिल्मची पट्टी कापसातल्या सेल्युलोजपासून बनत असे. तिच्यावर चांदीचे क्षार धरून ठेवण्यासाठी जिलेटिनचा थर देत, आणि जिलेटिन येई जनावरांची हाडे आणि कातडी यांपासून. कधी एखाद्या घाण्याचे जिलेटिन उत्तम निघे, फोटो लख्ख येत. कधी त्याच कारखान्यातला माल मंद निघे. कारण कळत नव्हते. १९२० नंतरच्या काळात कोडॅकच्या प्रयोगशाळेतील शेपर्ड नावाच्या शास्त्रज्ञाने शोधून काढले, की ज्या गाईंच्या चाऱ्यात मोहरीसारख्या वनस्पती असत त्यांच्या जिलेटिनमध्ये गंधकाचा सूक्ष्म अंश उतरतो आणि त्याने फिल्म प्रकाशाला अधिक तत्पर होते. चाऱ्याचा गुण दुधात उतरतो हे आपल्याला ठाऊक आहे. तो सिनेमाच्या पडद्यापर्यंत उतरतो हे मी स्वतः पदवी घेतल्यावर किती तरी वर्षांनी वाचले.

सांगायचा मुद्दा असा, की ही कंपनी पोकळ नव्हती. संशोधनावर उभी राहिलेली, शंभर वर्षे चालत आलेली, पिढ्यान्‌पिढ्या माणसे पोसणारी कंपनी होती. १९८८ साली जगभर तिचे १ लाख ४५ हजार नोकर होते. रॉचेस्टरमध्ये दरवर्षी कामगारांना नफ्यातला वाटा मिळे, त्या दिवशी गावातल्या मोटारीच्या आणि सामानाच्या दुकानदारांची दिवाळी असे. आपल्याकडे साखर कारखान्याचा अंतिम हप्ता निघाला की बाजारपेठेत जी वर्दळ होते तीच गत. १९९७ च्या सुरुवातीस तिच्या एका शेअरचा भाव ९० डॉलरच्या वर होता.

आणि ज्या डिजिटल कॅमेऱ्याने फिल्मचा धंदा मोडला तो कॅमेरा प्रथम याच कंपनीत बनला. १९७५ साली स्टीव्हन सॅसन या तिच्या तरुण अभियंत्याने फिल्मवाचून फोटो घेणारे यंत्र जुळवले. वजन सुमारे साडेतीन किलो, आणि एक फोटो कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद लागत. कंपनीने त्याचे पेटंट घेतले, पण फिल्मवर मिळणारा नफा इतका गोड होता की त्या नव्या मार्गाला तिने मनापासून हात घातला नाही. पुढे दुसऱ्यांनी घातला. त्यावर पुष्कळांनी पुष्कळ लिहिले आहे, म्हणून मी तेथे थांबत नाही.

पेटंटाचे मोल कशात असते?

पेटंट म्हणजे शोध लावणाऱ्याला सरकारने दिलेला ठराविक मुदतीचा हक्क. ही मुदत साधारणपणे अर्जापासून २० वर्षांची. तेवढ्या काळात तो शोध वापरायचा तर दुसऱ्याने मालकाची परवानगी घ्यायची आणि ठरेल ते शुल्क द्यायचे. मुदत संपली की शोध सर्वांचा.

कापूसवाल्यांना हे वेगळे सांगायला नको. बीटी कापसाच्या पाकिटाच्या किमतीत बियाणे कंपनीखेरीज तंत्रज्ञानाच्या मालकाचा एक वाटा असे. २०१६ साली केंद्र सरकारने तो पाकिटामागे ४९ रुपये ठरवला, नंतर ३९ केला, मग २०, आणि २०२० पासून शून्य. पाकीट तेच, गुण तोच, पण हक्काची किंमत चार वर्षांत नाहीशी झाली. जमिनीची किंमत अशी पुसली जात नाही. पेटंटाची किंमत मात्र न्यायालय, सरकार, घेणाऱ्याची गरज आणि उरलेली मुदत या चार गोष्टींवर लटकलेली असते.

कोडॅकजवळ अशी पेटंटे ढिगाने होती. त्यांतले एक फार गाजले. फोटो घेण्यापूर्वी पडद्यावर चित्र हलते दिसते, आणि कळ दाबली की तेच मोठ्या स्वरूपात साठवले जाते, या क्रियेसंबंधीचे ते पेटंट होते. त्यावर भांडून कोडॅकने सॅमसंग कंपनीकडून ५५ कोटी डॉलर आणि एलजी कंपनीकडून ४१ कोटी ४० लाख डॉलर मिळवले. २००१ पासूनच्या दहा वर्षांत पेटंटांच्या शुल्कापोटी ३ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम आल्याचे कंपनीच सांगत होती. एक अब्ज म्हणजे शंभर कोटी, हे लक्षात असू द्या. पुढे हे आकडे पुन्हा येतील. पण हा पैसा धंद्यातला तोटा भरून काढण्यात जात होता. बांधावरची झाडे विकून घरखर्च चालवावा तशातला प्रकार.

२०११ चा उन्हाळा : एका डॉलरचे चार होणार!

२०११ च्या जूनअखेर कॅनडातील नॉर्टेल या दिवाळखोर टेलिफोन-यंत्र कंपनीची सुमारे ६,००० पेटंटे लिलावात निघाली. गूगल कंपनीने ९० कोटी डॉलरची सुरुवातीची बोली दिली होती. समोर ॲपल, मायक्रोसॉफ्ट वगैरे कंपन्यांचा गट उभा राहिला, ईर्ष्येने बोली चढत गेली आणि सौदा तुटला साडेचार अब्ज डॉलरला. नव्वद कोटींचे साडेचारशे कोटी झाले. ऑगस्टमध्ये गूगलने मोटोरोला कंपनीचा मोबाईल विभाग १२.५ अब्ज डॉलरला घेण्याचे जाहीर केले. त्या कंपनीजवळ १७,००० पेटंटे होती. पेटंट या शब्दाला एकाएकी सोन्याचा भाव आला.

जुलैतच कोडॅकनेही आपली सुमारे १,१०० डिजिटल पेटंटे विकण्याचा विचार जाहीर केला होता. ऑगस्टमध्ये एका गुंतवणूक संस्थेने अंदाज वर्तवला, की या पेटंटांचे ३ अब्ज डॉलर येतील. आता कंपनीचे शेअर होते सुमारे २७ कोटी. तीन अब्जाला सत्तावीस कोटींनी भागा. शेअरमागे अकरा डॉलर पडतात. बाजारात शेअर मिळत होता अडीच-तीन डॉलरच्या आसपास. म्हणजे नुसती पेटंटेच शेअरच्या चौपट मोलाची. कारखाने, जागा, नाव हे सगळे वर फुकट! असा हिशेब मांडला की कोणाचाही हात खिशाकडे जातो.

सप्टेंबरच्या अखेरीस कंपनीने बँकेच्या उचल मर्यादेतून १६ कोटी डॉलर काढले. पाठोपाठ तिने दिवाळखोरीच्या कामात मुरलेले वकील नेमल्याची बातमी फुटली आणि ३० सप्टेंबर रोजी एका दिवसात शेअर निम्म्याहून खाली, ७८ सेंटवर आला. कंपनीने खुलासा केला, की दिवाळखोरीचा आमचा इरादा नाही. पुढच्या सोमवारी शेअर सुमारे ७० टक्क्यांनी उसळला. ज्यांनी खड्ड्यात घेतला त्यांची छाती फुगली. खुलाशाच्या त्या कागदाची शाई साडेतीन महिने टिकली.

जानेवारी २०१२ मध्ये अर्ज झाला तेव्हा न्यायालयापुढे आकडे मांडले गेले : मालमत्ता ५.१ अब्ज डॉलर, देणे ६.७५ अब्ज डॉलर. न्यूयॉर्कच्या मोठ्या शेअरबाजाराने शेअर काढून टाकला, तो बाजाराबाहेरच्या सौद्यांत काही सेंटांना विकला जाऊ लागला. तरीही घेणारे होतेच. त्यांचे म्हणणे असे, की कंपनीने स्वतः लावलेल्या शोधांची खरी किंमत वहीखात्यात दिसत नाही. हे म्हणणे खोटे नव्हते, आणि म्हणूनच ते घातक ठरले. न्यायालयात दाखल झालेल्या एका मूल्यांकनात पेटंटांची किंमत २.२१ ते २.५७ अब्ज डॉलर धरली होती. मग काय, ५.१ मध्ये २.५ मिळवा, ६.७५ वजा करा. खाली उरतात पाऊण-एक अब्ज डॉलर. शेअरमागे तीन डॉलर! आणि शेअर मिळतो अर्ध्या डॉलरच्याही आत.

उभ्या पिकाचा अंदाज आणि काट्यावरचे वजन

उभ्या उसाकडे पाहून बांधावरून एकरी साठ टन म्हणणारे भेटतात, काट्यावर पस्तीस भरतात. कोडॅकच्या पेटंटांचे तसेच झाले. ऑगस्ट २०१२ मध्ये लिलाव सुरू झाला तेव्हा पहिल्या बोली १५ ते २५ कोटी डॉलरच्या घरात असल्याचे वृत्त आले. लिलाव पुन्हा पुन्हा लांबला. डिसेंबरात सौदा जाहीर झाला तो ५२ कोटी ७० लाख डॉलरचा. अडीच अब्जाच्या अंदाजाचा जेमतेम पाचवा हिस्सा. आणि त्यातही काही भाग जुने दावे मिटवण्यापोटी होता.

घट का आली, हे शेतकऱ्याला समजावे लागू नये. पहिली गोष्ट, विकणारा अडलेला होता. नव्या कर्जासाठी सावकारांनी अटच घातली होती, की पेटंटे विका आणि किमान ५० कोटी डॉलर आणून दाखवा. ज्याला पेरणीला पैसे हवेत त्याच्या तुरीचा भाव अडत्याला आधीच ठाऊक असतो. ५० कोटींची अट आणि ५२ कोटी ७० लाखांचा सौदा, हे आकडे शेजारी ठेवून पाहा म्हणजे सगळे उलगडते.

दुसरी गोष्ट, घेणारे एक झाले. नॉर्टेलच्या वेळी ॲपल आणि गूगल समोरासमोर होते. कोडॅकच्या वेळीही आधी दोन गट होते, पण त्यांनी शहाणपणाने भांडण टाळले. ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट, सॅमसंग, ॲमेझॉन, फेसबुक, फुजीफिल्म अशा बारा कंपन्या दोन पेटंट-व्यापारी संस्थांच्या मागे एकाच गाडीत बसल्या. मोंढ्यात सगळ्या खरेदीदारांनी चहाच्या टपरीवर आधीच ठरवून आल्यावर बोली किती चढते, ते आपण जाणतो. तेथे मात्र हे सगळे न्यायालयाच्या मंजुरीने झाले, एवढे सांगितले पाहिजे.

तिसरी गोष्ट, मालाला डाग लागला होता. चित्र आधी दाखवणाऱ्या त्या गाजलेल्या पेटंटावर कोडॅकने ॲपल आणि ब्लॅकबेरीवाली कंपनी यांच्याविरुद्ध दावा लावला होता. त्यातला कळीचा हक्क वैध नाही, असा निर्णय अमेरिकेच्या व्यापार आयोगाने जुलै २०१२ मध्ये, म्हणजे लिलावाच्या तोंडावरच दिला. शिवाय ज्या कंपन्यांनी पूर्वीच पैसे भरून परवाने घेतले होते त्यांना पुन्हा मोठी किंमत देण्याची गरजच नव्हती. आधी खुडलेल्या पऱ्हाटीत वेचणी ती किती निघणार?

रांग

आता मुख्य गोष्ट. समजा, पेटंटांचे पाच पट पैसे आले असते, तर भागधारक तरले असते का?

एखादा शेतकरी कर्जाने बुडाला आणि त्याची जमीन लिलावात गेली, तर पैसा प्रथम कोणाला जातो? सातबाऱ्याच्या इतर हक्कात ज्याचा बोजा असेल त्याला. बँक, सोसायटी यांचे भागल्यावर उसनवारीवाले, दुकानदार. हे सगळे होऊन काही उरले तर मूळ मालकाला. कंपनीत हा मूळ मालक म्हणजे भागधारक. चांगल्या काळात तो मालक असतो, नफ्याला मर्यादा नसते. वाईट काळात याच मालकीमुळे तो रांगेत सर्वांच्या मागे उभा राहतो. शेअर म्हणजे कंपनीला दिलेले कर्ज नव्हे. दिलेले पैसे परत मागण्याचा हक्क त्यात नसतो. एवढी एक गोष्ट शेअर घेणाऱ्या शंभरांतल्या नव्वदांना कोणी सांगितलेली नसते.

कोडॅकच्या दाराशी ही रांग लांबलचक होती. दिवाळखोरी सुरू असताना कारखाना चालता राहावा म्हणून बँकांनी ९५ कोटी डॉलरपर्यंतचे नवे कर्ज मंजूर केले, ते सर्वांच्या पुढे जाऊन उभे राहिले. जुने तारणी कर्जदाते त्यांच्यामागे. वकील आणि सल्लागार यांची बिले तर महिन्याच्या महिन्याला. इंग्लंडमधील कोडॅक कामगारांच्या निवृत्तिवेतन निधीने २.८ अब्ज डॉलरचा दावा मांडला. शेवटी तो निधी कंपनीचे दोन विभागच घेऊन गेला. अमेरिकेतील निवृत्त कामगारांच्या औषधपाण्याची जी सोय कंपनी करीत असे ती तडजोड होऊन बंद झाली. बिनतारणी सावकारांना डॉलरमागे अवघे चार-पाच सेंट मिळतील असा अंदाज दिला गेला. ज्यांनी माल दिला, कर्ज दिले, त्यांना जिथे रुपयातले पाच पैसे, तिथे त्यांच्याही मागे उभ्या असलेल्याला काय मिळणार!

एप्रिल २०१३ च्या अखेरीस कंपनीने पुनर्रचनेची योजना दाखल केली. भागधारकांना काही नाही, असे तीत स्पष्ट लिहिले होते. भागधारकांनी धडपड केली. आमच्यासाठी अधिकृत समिती नेमा, कंपनीची किंमत मुद्दाम कमी दाखवली आहे, अशी विनवणी केली. न्यायालयाने ती मान्य केली नाही. आयुष्यभर कोडॅकमध्ये राबलेल्या पुष्कळ कामगारांकडे कंपनीचेच शेअर होते. ऑगस्ट २०१३ मध्ये योजना मंजूर करताना न्यायाधीशांनी, अमेरिकेच्या आर्थिक जीवनातली ही एक शोकांतिका आहे, या आशयाचे उद्‌गार काढले. उद्‌गार सहानुभूतीचे होते, पण रांग त्यांनाही मोडता येत नव्हती.

३ सप्टेंबर २०१३ रोजी कोडॅक दिवाळखोरीतून बाहेर आली. कंपनी जिवंत राहिली, नाव तेच राहिले, पण जुने शेअर रद्द झाले आणि नवे शेअर सावकारांच्या व नवा पैसा घालणाऱ्यांच्या नावावर निघाले. लोकांची गल्लत येथेच होते. 'कंपनी वाचली' याचा अर्थ 'माझा शेअर वाचला' असा नसतो. जमीन तिथेच असते, पीकही येते, सातबाऱ्यावरचे नाव बदललेले असते.

नॉर्टेलचे उदाहरण तर याहून बोलके आहे. तिची पेटंटे खरोखरच साडेचार अब्जाला गेली, अंदाजाच्या कितीतरी वर. पुढे तो पैसा वाटून घ्यायचा कसा, यावर कॅनडा, अमेरिका आणि इंग्लंडमधील देणेकऱ्यांचे वर्षानुवर्षे कज्जे चालले. सामान्य भागधारकाला तिथेही शून्यच मिळाले. २००० साली ही कंपनी एवढी मोठी होती, की टोरांटोच्या शेअरबाजाराच्या निर्देशांकाचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग तिचा एकटीचा होता.

आपल्या दारातली गोष्ट

मागच्या हंगामात एका गावी हरभऱ्याच्या मर रोगाची पाहणी करून आम्ही वसरीवर टेकलो होतो. घरातला मुलगा बारावीपर्यंत शिकलेला, हुशार. त्याने मोबाईल पुढे केला. दिवाळखोरीच्या न्यायालयात गेलेल्या एका कंपनीचे दोन हजार शेअर त्याने घेतले होते.

"साहेब, चार रुपयाला हाय बघा. कंपनीच्या जागा हायेत, मशिनरी हाय, पेटंटं हायेत. दुसरी मोठी कंपनी घ्यायला आलीय. घेतल्यावर चाराचं चाळीस व्हत्यात."

"घेणारी कंपनी पैसे कोणाला देणार, बाळा?" मी विचारले.

"आमाला. शेअरवाल्याला."

"बँकेचं देणं किती आहे, पाहिलंस?"

त्याने पाहिले नव्हते. चहा घेऊन आलेली त्याची आई म्हणाली, "साहेब, सोयाबीनच्या पट्टीतलं आठ हजार हायेत ते. खताला ठिवलं व्हतं. त्येचे वडील इचारत्यात, म्या काय सांगू?"

आठ हजार म्हणजे शहरातल्याला फार वाटणार नाहीत. तीन एकरांच्या कोरडवाहू घरात ती रब्बीची पेरणी असते. मी त्याला शिकवत बसलो नाही. कंपनीने शेअरबाजाराला कळवलेला कागद त्याच्याच मोबाईलवर उघडून दिला आणि देण्याचा आकडा त्यालाच मोठ्याने वाचायला लावला. तो हजारो कोटींचा होता. घेणाऱ्या कंपनीने देऊ केलेली रक्कम त्याच्या निम्मीही नव्हती.

आपल्या देशात २०१६ साली दिवाळखोरीचा नवा कायदा आला. कंपनी मोडीत निघाली तर पैसा कोणत्या क्रमाने वाटायचा ते त्याच्या ५३ व्या कलमात लिहिलेले आहे. सर्वांत आधी या कारवाईचा खर्च. मग कामगारांचे मागील दोन वर्षांचे वेतन आणि तारण असलेल्या बँका, दोघे एका पायरीवर. त्यानंतर इतर नोकरांचे एक वर्षाचे पगार. मग विनातारण कर्ज देणारे. मग सरकारी येणे. मग राहिलेली देणी. त्यानंतर अग्रहक्काचे भागधारक आणि अगदी तळाला साधे भागधारक. कंपनी मोडीत न काढता दुसऱ्या कोणी चालवायला घेतली, तरी मोडीत काढल्यावर जेवढे मिळाले असते त्याचाच विचार होतो. आणि तो आकडा साध्या भागधारकासाठी बहुतेक वेळा शून्य असतो.

मुंबईच्या डीएचएफएल या घरकर्ज देणाऱ्या कंपनीचे काय झाले पाहा. ती पेटंटवाली कंपनी नव्हती, पण रांग तीच. जून २०२१ मध्ये पिरामल समूहाची योजना मंजूर झाली. मंजुरीच्या बातमीवर शेअर वर उसळला, लोकांनी धावून घेतला. त्याच महिन्यात शेअरचे व्यवहार थांबवण्यात आले आणि योजनेप्रमाणे भागधारकांच्या वाट्याला शून्य आले. कंपनी चालू राहिली, मालक बदलला.

सहकारी कारखान्याच्या सभासदाला हे कळायला वेळ लागत नाही. कर्जापायी बँकेने कारखाना विकला, तर धुराडे पुढच्या हंगामात पुन्हा पेटते, पण भागाची पावती पेटीतच राहते.

कोणी म्हणेल, बुडीत कंपनीच्या शेअरवर काही लोक कमावतातच की. कमावतात. ३० सप्टेंबरला ७८ सेंटला घेऊन पुढच्या सोमवारी विकणारे कमावून गेले. त्यांनी पेटंटावर पैसा लावला नव्हता. आपल्या मागून कोणी तरी जास्त भावाने घेणारा येईल, यावर लावला होता. कोडॅकच्या नव्या शेअरनेही २०२० च्या जुलैत असाच खेळ दाखवला. औषधांचे मूळ घटक बनवण्यासाठी अमेरिकन सरकारकडून ७६ कोटी ५० लाख डॉलरचे कर्ज मिळणार, अशी बातमी आली आणि दोन-अडीच डॉलरचा शेअर दोन दिवसांत ६० डॉलरला टेकून आला. ऑगस्टमध्ये सरकारने ते कर्ज रोखून धरले. वरच्या भावाला घेतलेल्यांचे काय झाले असेल ते सांगायला नको.

घरातल्या मुलाने असा शेअर घ्यायचे मनात आणले, तर त्याला तीन आकडे कागदावर मांडायला सांगा. कंपनीचे एकूण मान्य झालेले देणे किती? घेणारा प्रत्यक्ष किती रोख देतो आहे? आणि योजनेत जुन्या भागभांडवलाबद्दल काय लिहिले आहे? हे तिन्ही मुंबई आणि राष्ट्रीय शेअरबाजाराच्या संकेतस्थळांवर कंपनीच्या नावाखाली, तिने बाजाराला कळवलेल्या कागदांत पाहता येतात. कागद इंग्रजीत असतो, त्यामुळे गावातल्या शिकलेल्या मुलीला किंवा शाळेतल्या गुरुजींना सोबत घ्यावे. जुने भागभांडवल रद्द होणार, असे शब्द दिसले की पुढचा हिशेब करण्याचे कारण उरत नाही, मग पेटंटे कितीही असोत.